जोडीदार गेल्यानंतरच्या प्रेमाची कादंबरी, मुंबईतली : लिहिणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हस्तलिखितं वाचून त्यांवर टिपणं देणं हे माझं काम. करोनानंतर विधवा नायिका आणि विधुर नायक असलेल्या प्रेमकथा खूपच यायला लागल्या. बहुतेक पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांच्या, आणि बहुतेकांची गोष्ट दादर, ठाणे, बोरिवली नाहीतर मुलुंडला घडते. प्रश्नही तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते. ती माझ्या मतांसकट आहेत. पटलं नाही तर सोडून द्या.

हा विषय मराठी वाचकाला चालेल का? लोक नाकं मुरडतील ना?

मराठी कादंबरीची सुरुवातच मुळी या विषयापासून झाली. १८५७ साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ आली ती हिंदू विधवांच्या हालांवर. अडचण वेगळीच आहे. त्यानंतर कितीतरी वर्षं आपण विधवेकडे समाजसुधारणेचा प्रश्न म्हणूनच पाहिलं. तिचं लग्न व्हावं की न व्हावं यावर सभा झाल्या, पण समोरचा माणूस तिला आवडतो का, हे कुणी विचारलं नाही. तुम्हाला लिहायला जागा आहे ती इथे.

१८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा दोघांचेही जोडीदार गेलेले होते. गोदूबाई म्हणजे त्यांच्या मुंबईतल्या मित्राची बहीण, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणारी; लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या. गावाकडे मुरुडला बहिष्कार पडला. आपण हे शाळेत ‘कार्य’ म्हणून शिकलो. आनंदीबाईंचं ‘माझे पुराण’ मात्र एका संसाराची हकीकत म्हणून वाचा, तुमच्या नायिकेला कणा येईल.

नवरा किंवा बायको गेल्यावर किती दिवसांनी प्रेम दाखवलं तर बरं दिसेल?

बरं कुणाला दिसायला हवं, ते आधी ठरवा. आपल्याकडे शोकाला कॅलेंडर असतं : दहावा, तेरावा, मासिक श्राद्ध, वर्षश्राद्ध. वर्षश्राद्ध झालं की नातेवाइकांच्या मते विषय संपला. पुष्कळ घरांत तर ‘शुभकार्य वर्षाच्या आत उरका, नाहीतर मग तीन वर्षं थांबा’ असंही म्हणतात. तुमच्या पात्राचं मन या तारखांप्रमाणे चालत नाही, आणि गोष्ट सुरू होते ती त्यामुळेच.

दुसरं म्हणजे, हे कॅलेंडर बाईला आणि पुरुषाला सारखं लागू होत नाही. विधुराच्या घरी तिसऱ्या महिन्यात आत्या स्थळं सांगायला लागते, ‘मुलांकडे बघायला कुणीतरी हवं ना!’ त्याच मजल्यावरच्या विधवेला तीच आत्या सांगते, ‘आता मुलांकडे बघून दिवस काढ.’ मुलं दोन्ही घरांत आहेत. हा विरोध एकाच जिन्यात मांडा, भाषण लिहायची गरजच पडणार नाही.

आणि कृपा करून शोकाच्या पाच पायऱ्यांची (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) पाच प्रकरणं करू नका. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या त्या मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांशी बोलून नव्हे. कादंबरीला जास्त उपयोगी पडेल ते १९९९ साली मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी मांडलेलं दुहेरी प्रक्रियेचं प्रारूप. त्यांचं म्हणणं असं की माणूस गेलेल्याकडे ओढला जातो आणि पुढच्या आयुष्याच्या कामांकडेही, आणि त्याच्या या दोहोंत येरझारा चालू असतात. सकाळी विम्याचा क्लेम फॉर्म भरायचा, दुपारी डब्याच्या वेळी कुणाच्या विनोदावर खळखळून हसायचं, संध्याकाळी दुकानात त्याच्या दाढीच्या साबणासमोर पाय अडायचे. हे सगळं एकाच दिवशी, म्हणजे एकाच प्रकरणात.

गेलेला माणूस कादंबरीत किती दिसावा?

भरपूर. आणि तो देवमाणूस नसावा. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी नऊ हस्तलिखितांत (मोजलेलं नाही, पण छाती ठोकून सांगते) पहिला नवरा प्रेमळ, हुशार, गाणारा आणि ट्रेकला जाणारा असतो. असा माणूस गेला की वाचकाला वाईट वाटतं, पण तो खरा वाटत नाही. त्याला न सांगता काढलेलं कर्ज द्या. जेवताना फोनवर मोठमोठ्याने बोलायची सवय द्या. शेवटच्या आठवड्यात दोघांचं कशावरून तरी भांडण झालेलं असू द्या, अगदी गॅस बुक केला नाही म्हणून. नायिका त्याच्यावर चिडलेली असली की तिचं प्रेमही खरं वाटतं, आणि दुसरा माणूस आयुष्यात आल्यावर तुलना करताना तिची पंचाईतही होते.

भिंतीवरचा फोटोही नीट वापरा. वन बीएचकेमध्ये हार घातलेला फोटो सोफ्याच्या समोरच लागतो, दुसरी भिंतच नसते. नवा माणूस पहिल्यांदा चहाला आला की तो बसणार कुठे?

मुंबईत ही दोघं भेटणार तरी कुठे? मरीन ड्राइव्ह सोडून सुचवा.

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. या शहरात रडायलाही जागा लागते आणि प्रेम करायलाही, आणि जागा तर कुणाकडेच नाही. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक, गॅलरी सगळ्यांची. नवरा गेलेली बाई तिथे एकटी कधी असते? नळाला पाणी यायच्या आधी पहाटे, नाहीतर गच्चीवर वाळवणं काढायला गेली की. तिचा फोन वाजला तर शेजारणीला रिंगटोन पाठ असतो. पात्र अशा घरात ठेवलंत, तर नुसतं ‘तिने फोन उचलला’ हे वाक्यसुद्धा घटना होते.

आता जागा. दादरचा रेल्वे पूल घ्या. नायक मध्य रेल्वेचा, डोंबिवलीला जाणारा. नायिका पश्चिम रेल्वेची, बोरिवलीला जाणारी. दोघांच्या वाटा फक्त त्या पुलावर मिळतात, तेही धक्के खात आणि भाजीवाल्यांना वळसा घालत. एकाच लाइनवरचे असले तरी गाडी आली की ती लेडीज डब्यात आणि तो जनरलमध्ये. चार मिनिटांच्या बोलण्यावर वर्षभराचं प्रेम उभं करता येतं, करून बघा. माटुंग्याचं उडुपी हॉटेल चालेल, पण तिथे टेबलावर तिसरा माणूस येऊन बसतो आणि कॉफी संपायच्या आत बिल येतं, हे लक्षात ठेवा. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसवलंत, तर कुणीतरी ओळखीचं फेरी मारत येणारच, ते येऊ द्या. माटुंग्याचं फाइव्ह गार्डन्स जरा शांत आहे. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. तिथे मासिकाआडून एकमेकांकडे बघणारी पन्नाशीची दोन माणसं मला कोणत्याही कॅफेपेक्षा जास्त पटतील.

पहिली ओळखही जरा रुक्ष ठिकाणी होऊ द्या : सोसायटीची वार्षिक सभा, शाळेतली पालकसभा, मृत्यूचा दाखला जोडून खातं बंद करायला आलेल्यांची बँकेतली रांग. परळला केईएम आणि टाटा या रुग्णालयांच्या आसपास आजाऱ्यासोबत आलेली माणसं महिनोन्‌महिने एकाच टपरीवर चहा घेतात. तिथे झालेली ओळख वर्षाने पुन्हा समोर आली, तर पहिला प्रश्न ‘कसे आहेत ते?’ हाच असेल. त्याचं उत्तर लिहायला मात्र हिंमत लागते.

एक सूचना. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्ये भर जुलैत प्रेमाची कबुली देऊ नका. पावसाळ्यात त्या लाँच बंद असतात. पाऊस हवाच असेल, तर भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० मध्ये सुरू झालेली, गाड्याही नेणारी रो-रो बोट घ्या, तीही समुद्र बरा असेल तर.

करोनाचा काळ वापरू का?

वापरा, पण तारखा तपासून. २३ मार्च २०२० पासून लोकल बंद झाल्या आणि पुढे फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी सुरू झाल्या. १ फेब्रुवारी २०२१ पासून ठरावीक वेळांत सर्वांना मुभा मिळाली, एप्रिलमध्ये ती पुन्हा गेली, आणि दोन्ही लसी घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवेश मिळाला. तरीही मे २०२१ मध्ये गर्दीच्या लोकलमध्ये लटकणाऱ्या नायिका माझ्याकडे येत असतात. नर्स असेल तर ठीक.

या काळातल्या मृत्यूचं खरं दुःख वेगळं आहे : शेवटचं तोंड पाहायला मिळालं नाही, दहाव्याला माणसं नव्हती, विधींसाठी बाणगंगेवर जायचं राहून गेलं. त्यामुळे कित्येकांना माणूस गेला असं आतून वाटतच नाही. अशी नायिका दुसऱ्या माणसाबरोबर चहा प्यायली तरी तिला विश्वासघात केल्यासारखं वाटेल. ही अडचण तुम्हाला शोधून काढावी लागत नाही, त्या काळाने ती आयतीच दिलेली आहे.

सासूला खलनायिका करू का?

नको. तिचा मुलगा गेलाय.

शिवाय कायद्याने ती जास्त रंगतदार पात्र आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची विधवा, मुलं आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. वडील त्या वर्गात नाहीत. म्हणजे गोरेगावचा फ्लॅट त्याच्या एकट्याच्या नावावर असेल आणि मागे बायको, एक मुलगी आणि आई असेल, तर तिघींचा प्रत्येकी एक तृतीयांश. सोसायटीत नॉमिनी म्हणून बायकोचं नाव लागलेलं असलं, तरी त्यामुळे बाकीच्या वारसांचा हक्क पुसला जात नाही. आता बघा, दोन बायका एका घरात राहतात, दोघींचा माणूस एकच, घरात वाटा दोघींचाही, आणि एकीला संध्याकाळी कुणाचा तरी फोन येतो. दुसरी टीव्हीचा आवाज कमी करते. पुढचं तुम्ही लिहा.

पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जातो ना?

हा समज इतका पक्का आहे की कथानकंच्या कथानकं त्यावर उभी राहतात. १८५६ च्या पुनर्विवाह कायद्याने लग्नाला मान्यता दिली, पण पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला हक्क काढून घेतला; लोकांच्या डोक्यात राहिलंय ते बहुधा तेच. १९५६ च्या कायद्यानंतर विधवेला मिळालेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा होतो आणि नंतर लग्न केलं म्हणून परत जात नाही. त्या कायद्याच्या कलम २४ मध्ये मुलाच्या किंवा भावाच्या विधवेने पुनर्विवाह केला असेल, तर तिला काही वारसे नाकारले होते. ते कलमही २००५ च्या दुरुस्तीत काढून टाकलं. तेव्हा दिराने ‘लग्न केलंस तर घरावर पाणी सोड’ म्हणून धमकावणं खरं वाटेल. नायिकेने ते निमूट मान्य करणं मात्र २०२० नंतरच्या मुंबईत पटायला कठीण. निदान कुणा वकिलाला फोन तरी करेल ती.

पेन्शनचं वेगळं आहे. पीएफबरोबरच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत विधवेची पेन्शन पुनर्विवाहानंतर थांबते. सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनातही पुनर्विवाहाच्या अटी आहेत, मूलबाळ नसलेल्या विधवेसाठी वेगळ्या. म्हणून पात्राची नोकरी आधी ठरवा, मग नियम बघा. महिन्याला येणारे ते थोडे पैसे हे लग्न न करण्याचं एक अगदी खरं, आणि मोठ्याने न बोललं जाणारं कारण असतं. वाचकाला ते लगेच कळतं.

हे सगळं हिंदू कायद्यापुरतं. तुमची पात्रं ख्रिस्ती किंवा मुस्लिम असतील तर त्यांचा वारसा वेगळ्या कायद्याने चालतो, तेव्हा उचलून इथलं तिथे लावू नका.

नोंदणी लग्नाचा प्रसंग कसा लिहावा?

विशेष विवाह कायदा, १९५४ लेखकांसाठीच केला असावा असं मला कधी कधी वाटतं. जिथे नोटीस द्यायची त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाने किमान तीस दिवस राहिलेलं असायला हवं. मग नोटीस द्यायची, ती कार्यालयात लागते आणि आक्षेपासाठी तीस दिवस ठेवतात. लग्नाला तीन साक्षीदार लागतात. नोटिशीच्या नमुन्यात सध्याची वैवाहिक स्थिती लिहायची असते : अविवाहित, विधुर, घटस्फोटित वगैरे. तो रकाना भरताना पेन कुणाचं थांबतं? तीस दिवसांत ती नोटीस कोण वाचतं? दोन साक्षीदार मैत्रिणी मिळाल्या, तिसरा कोण? तिसरी सही करायला जावेला किंवा पहिल्या नवऱ्याच्या मित्राला आणता आलं, तर कादंबरीतला सगळा समेट त्या एका सहीत होऊन जातो. हॉलमधली रडारड मग कापून टाका.

मूल असेल तर त्याने नव्या माणसाला काय म्हणावं?

‘काका’. पुढे बदललं तर बदललं. ‘बाबा’ म्हणण्याचा प्रसंग शेवटच्या पानासाठी राखून ठेवणाऱ्यांना माझी विनंती, तो कृपया टाळा. कायद्यानेही सावत्र वडील नैसर्गिक पालक ठरत नाहीत, आई ठरते. म्हणजे शाळेच्या फॉर्मवर सही तिचीच. आणि मूल नेहमी विरोधच करतं असं नाही. बारा वर्षांची मुलगी आईचा मूड सुधारलाय हे आईच्याही आधी ओळखते आणि स्वतःच्या फायद्यासाठी त्याचा वापरही करते.

कुंकू, मंगळसूत्र, हळदीकुंकू : अजून दाखवायचं का हे?

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. गावाने निदान ठराव केला. मुंबईच्या टॉवरमध्ये कुणीच काही बोलत नाही. संक्रांतीला सगळ्या मजल्यांवरच्या बेल वाजतात, एका दाराची वाजत नाही, एवढंच. बांगड्या फोडण्यापेक्षा हे लिहा. ती नायिकाही त्या दिवशी मुद्दाम ओव्हरटाइम घेते की दार सताड उघडं ठेवून बसते, यावरून ती कोण आहे ते कळेल.

नायिकेला समुपदेशकाकडे पाठवू का? की प्रेमानेच ती बरी होईल?

पाठवा, फक्त समुपदेशकाच्या तोंडी सुविचार घालू नका. दीर्घकाळ रेंगाळलेला, रोजचं जगणं अडवणारा शोक आता निदान म्हणून ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत आहे, अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत मोठ्यांसाठी बारा महिन्यांची. असा शोक नायकाच्या मिठीने बरा होतो असं लिहिणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. आणि लिहिता लिहिता तुमचंच काही उसवलं, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

शारीरिक जवळीक किती दाखवावी?

वय लक्षात घेऊन आणि सरळ भाषेत. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला हॉट फ्लॅश येतात, माणसाचा गुडघा दुखतो, आणि दोघंही पलंगाच्या आपापल्या जुन्या बाजूला झोपायला जातात. कधी कधी ती बाजू एकच निघते! यात हसू आहे, संकोच आहे, आणि आधीचं माणूसही आहे. फुलं, भुंगे, लाटा नकोत. आणि दार बंद करण्याआधी घरात दुसरं कोण आहे ते सांगा. मुंबईत हा पहिला प्रश्न असतो.

रीडेव्हलपमेंट घालू का? आमच्याकडे सध्या तेच चाललंय.

जरूर. सोसायटीतल्या ५१ टक्के सभासदांची संमती मिळाली की इमारत पाडायचं ठरतं, तुमची नायिका उरलेल्या ४९ मध्ये का असेना. नवऱ्याने ठोकलेले खिळे, दाराच्या चौकटीवर मुलीची उंची मोजलेल्या खुणा, सगळं जाणार, आणि भाड्याच्या घरात हलायचं ते नेमकं त्या दुसऱ्या माणसाच्या लाइनवर. फक्त बिल्डरला प्रतीक बनवू नका. तो बिल्डरच राहू द्या. भाड्याचा चेक उशिरा देणारा.

शेवट लग्नातच व्हायला हवा का?

वाचकाला ती दोघं एकत्र हवी असतात आणि ती अपेक्षा रास्त आहे. शेवटच्या प्रकरणात कुणाला तरी मारून ‘वास्तववादी’ होऊ नका. पण एकत्र म्हणजे एका घरातच असं काही नाही. तिचं मुलुंडचं घर, त्याचं विलेपार्ल्याचं, शनिवार-रविवार इकडे-तिकडे, पेन्शन शाबूत, सासूबाईंच्या औषधांच्या वेळा सांभाळलेल्या : हा माझ्या मते पूर्ण आनंदी शेवट आहे. एका प्रकाशकाने मला सांगितलं की असा शेवट ‘अर्धवट’ वाटतो. मला वाटत नाही.

लिहून झालं. आधी कुणाला दाखवू?

बहिणीला नको, ती रडेल आणि छान म्हणेल. जिचा किंवा ज्याचा जोडीदार गेला आहे अशा ओळखीच्या माणसाला आधी विचारा, वाचायला जमेल का म्हणून. नाही म्हणाले तर पुन्हा विचारू नका. कायद्याची पानं एखाद्या वकिलाला दाखवा. ज्यांच्या घरातला प्रसंग उचललाय त्यांना छापायच्या आधी सांगा, नावं बदलली असली तरी; कारण सोसायटीत ओळखतात सगळे. आणि माझ्याकडे पाठवणार असाल तर गणेशोत्सव झाल्यावर पाठवा, त्याआधी माझ्या हातून वाचून होत नाही.